बिडाचा जोड

ओतूरच्या एस.टी. स्टँडपासून जवळच गोरखचं वेल्डिंगचं दुकान होतं. काही वर्षं भोसरीच्या कारखान्यात काढून तो गावाकडं परतला तेव्हा थोरला चुलतभाऊ चिमाजी यानं रस्त्याकडेची आपली जागा त्याला दिली. भाडं कधी मागितलं नाही. पण जागा आपली आहे हे चारचौघांत बोलून दाखवायला तो विसरतही नसे.

गोरखला लोखंडाचा भारी नाद. आलेला तुकडा तो आधी ग्राइंडरला लावी. लांब पिवळ्या ठिणग्या उडाल्या की साधं लोखंड, त्याचं गेट करा नाहीतर ट्रॉली. ठिणग्यांना फुलं फुटली की पोलाद, ते विळ्या-कुऱ्हाडीच्या कामाचं. आणि आखूड, लालसर, लगेच विझणारी ठिणगी आली की तो मान हलवी. ते बीड, ओतीव लोखंड. पाण्याच्या पंपाचं घर बिडाचं, चरकाची चाकं बिडाची. बीड कितीही भार पेलतं, पण हिसका सोसत नाही. वाकणं त्याला ठाऊकच नाही, ते सरळ फुटतं. पितळेचा नळ, जर्मनची म्हणजे ॲल्युमिनियमची कढई तो गॅसवर बिनबोभाट जोडून देई. बिडाला हात लावायला मात्र कां-कूं करी.

सत्त्याण्णवच्या थंडीत ऐन हंगामात चिमाजीच्या गुऱ्हाळावरच्या चरकाचं मोठं दातेरी चाक तडकलं. चिमाजीनं गोरखला बोलावून घेतलं. चरक बंद होता. त्यात ऊस घालणारी कोंडाबाई मोळीवर टेकून बसली होती.

"दादा, हे जोडून चालायचं न्हाई," गोरख म्हणाला. "नवं ओतून आणा."

नवं येईस्तोवर तोडलेला ऊस वाळून जाईल, असं चिमाजीचं म्हणणं. गोरखनं परोपरीनं सांगितलं. चाक सावकाश तापवावं लागतं, निकेलची सळी लागते, मग राखेत पुरून निवू द्यावं लागतं, आणि एवढं करूनही दात्यांवर ताण आला की भरवसा नाही. चिमाजीनं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "गोरख, दुकान कुणाच्या जागंत हाय?"

गोरखनं मशीन आणलं आणि साध्या सळीनं जोड मारला. चाक निवताना आत कुठंतरी बारीक 'टिक्' झालं. त्यानं जोडावरून बोट फिरवलं. वरून काही दिसत नव्हतं. त्या आवाजाचं कुणाला न सांगताच तो सामान गोळा करून निघून गेला.

चरक दोन-तीन दिवस चालला. मग भर सकाळी चाक फुटलं आणि त्याचा तुकडा कोंडाबाईच्या उजव्या हातावर बसला. तिला आधी नारायणगावला नेलं, तिथून पुण्याला. हात कोपराच्या वर कापावा लागला. गुऱ्हाळावर नवं चाक आठवड्याच्या आत आलं.

कोंडाबाई घरी आल्यावर गावातली माणसं निवाड्याला देवळापुढं बसली. चिमाजीनं सांगितलं की जोड टिकेल असं गोरखच म्हणाला होता, लोखंडातलं आपल्याला काय कळतंय. गोरख कोंडाबाईकडं वळला.

"मावशी, तुमी तिथंच व्हता."

कोंडाबाईनं पदर सावरला. "चरकाच्या आवाजात मला काय ऐकाया येतंय," ती म्हणाली.

त्या दिवशी चरक बंद होता हे बसलेल्या निम्म्या माणसांना ठाऊक होतं. कुणी तोंड उघडलं नाही. कोंडाबाईचा मुलगा जानकू नुकताच चिमाजीच्या ट्रॅक्टरवर लागला होता.

चिमाजीनं जागा काढून घेतली. गोरख नारायणगावात दुसऱ्याच्या दुकानात कामाला लागला. तिथंही एखादं गिऱ्हाईक त्याला ओळखून म्हणे, "ह्यांच्याकडून नको, दुसऱ्याला सांगा." तो मुकाट्यानं बाजूला होई. त्याच्या मनात मात्र एकच गाठ बसलेली: म्हातारी खोटं बोलली म्हणून आपलं वाटोळं झालं.

सहा-सात वर्षांनी चतुर्थीला तो ओझरच्या गणपतीला गेला, तर देवळाच्या वाटेवर कोंडाबाई दूर्वा विकायला बसलेली. जुडीचा दोरा ती दातात धरून डाव्या हातानं गाठ मारत होती. त्याला राहवलं नाही. तो समोर उकिडवा बसला आणि त्यानं विचारलंच, त्या दिवशी खरं का सांगितलं नाही.

तिनं दोरा दातातून सोडला.

"जानकूची भाकर तिथं व्हती. म्हून खोटं बोलले," ती म्हणाली. "पण गोरख, मी खोटं बोलले ती हात गेल्यावर. तुला तर आधीपासून ठाऊक व्हतं ना रं? म्या तुझं सारं ऐकलं व्हतं तिथं बसून. मला वाटलं, येवढं सांगतोय, मंग जोडायचा न्हाई. तू जोडलंस, तवा मला वाटलं, आता भ्याव न्हाई. म्हून तर मी चरकाफुडं बसले."

गोरखच्या मागून एका बाईनं जुडी मागितली. कोंडाबाईनं ती उचलून दिली आणि त्याला म्हणाली, "जरा सरक, गिऱ्हाइकाला वाट दे."

तो उठला. देवळाकडं न जाता स्टँडवर आला आणि नारायणगावच्या जीपमध्ये जाऊन बसला. जीप भरायला वेळ होता.