पळसाच्या दोन फांद्या

वाशीमजवळच्या मालेगावात शफीक मिस्त्रीचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, चार टिनं आणि एक बाज. पण आतल्या टिनावर त्यानं वर्तमानपत्रातलं एक चित्र खळीनं चिकटवलं होतं. परमुलखातला कुठलासा डोंगर, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आणि मधून सायकली चढवणारी चिखलानं माखलेली माणसं. "हे लोक पगार घेऊन सायकल चालवतेत," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. पंक्चर काढायला आलेली माणसं हसून मान हलवायची.

छत्तीस साली हे वेड खरं व्हायची वेळ आली. अकोल्याच्या एका सायकल-व्यापाऱ्यानं वाशीम ते पातूर अशी शर्यत लावली. जो पहिला येईल त्याला तो पगारी शर्यतवाला म्हणून ठेवणार होता. मग नागपूर, पुणं, पार नीलगिरीचे घाट. जागा मात्र एकच.

रस्त्यात मेडशीकडचा घाट होता. बर्फातल्या गड्यांना तो टेकाड वाटला असता, पण त्यांनी जेठातल्या उन्हात चढून दाखवावा आणि मग हसावं. चढ एकवेळ परवडला, खरा जीव जायचा तो उतारावर. त्या काळच्या सायकलींचे ब्रेक म्हणजे नुसता मनाचा दिलासा. त्यावर शफीकनंच तोड काढली होती: माथ्यावर पळसाची पानाळ फांदी तोडायची, जुन्या ट्यूबच्या पट्टीनं मागं बांधायची आणि ती फरफटत खाली उतरायचं. बाभूळ मात्र कधी बांधायची नाही. "काटे गळतेत. आपुन निंगून जातो, मांगचा मरते," हे तो प्रत्येकाला बजावायचा.

ही विद्या त्यानं सगळ्यात आधी शिकवली जगदेवला. जगदेव किन्हीराजाचा, शेतकऱ्याचा पोर, शफीकहून आठ वर्षांनी लहान. शफीकनं त्याला सायकल जुळवून दिली, ट्यूबच्या पट्ट्या दिल्या, गाठ मारायला शिकवली. दर रविवारी दोघं घाटात जायचे. जो आधी माथ्यावर पोचेल त्यानं दोन फांद्या तोडायच्या, एक मागच्यासाठी ठेवायची. चार वर्षांत हा रिवाज एकदाही मोडला नव्हता. हुस्नाबानो, शफीकची बायको, म्हणायची, "सगा भाऊ तरी एवढा जीव लावते का?"

शर्यतीसाठी दोघांतली बोलीही साधी होती. चढावर वारा शफीकनं अंगावर घ्यायचा, जगदेवनं त्याच्या चाकामागं राहायचं. माथ्यावर दोघं संगं, तिथून पुढं ज्याचं त्याचं. फांद्यांसाठी वेळ जाऊ नये म्हणून शफीकनं आदल्या सांजेला माथ्यावर जाऊन पळसाच्या दोन फांद्या तोडून ठेवल्या.

चढावर शफीक बैलासारखा ओढत राहिला. बाकीचे पाच गडी दोन वळणं मागं पडले. माथा दिसला तशी जगदेवनं बाजूनं मुसंडी मारली आणि पुढं निघून गेला. शफीकला राग नाही आला, कौतुकच वाटलं. पण माथ्यावर येऊन बघतो तर दोन्ही फांद्या तशाच पडलेल्या. "बिना फांदीचा गेला! मान मोडून घेईन हा," असं म्हणत त्यानं आपली फांदी कशीबशी बांधली आणि जगदेवच्या काळजीनं सायकल खाली सोडली.

पहिल्याच वळणावर पुढचं चाक बसलं, मग मागचं. रस्ताभर हिरवे, ताजे काटे. थोडं खाली बाभळीची फांदी टाकून दिलेली होती. तिला लाल ट्यूबची पट्टी आणि तीच गाठ, त्याच्या हातानं शिकवलेली. म्हणजे ही फांदी आधीच तोडून लपवली होती. शफीक मटकन खाली बसला आणि लेकरासारखा रडला.

मग त्यानं ते केलं, जे दुसरा कोणी करता ना. पातूरच्या बाजाराला अनवाणी बाया याच वाटेनं जायच्या, बैलं जायची. तो वाकून काटे वेचू लागला. मागचे पाच जण वळणावर आले ते थेट काट्यांतच, आणि त्यांना दिसला रस्त्यात ओणवा शफीक. ओंजळीत काटे, काखेत बाभूळ आणि बाभळीला त्याच्याच दुकानची पट्टी.

पातुरात त्याला पंचांपुढं उभं केलं. तो सांगत होता, पण ऐकणार कोण? शेवटी पंचांनी हार घातलेल्या जगदेवला विचारलं. शफीक त्याच्याकडं बघत राहिला. जगदेव खाली बघून म्हणाला, "फांद्या तं शफीकभाऊच तोडून ठेवते. कालई तोच आला होता घाटात."

त्या दिवसापासून तो 'काटेवाला शफीक' झाला. टिनावरचं चित्र त्यानं फाडलं. पुन्हा शर्यतीत उतरला नाही.

बारा वर्षांनी जगदेव परतला. गुडघे गेलेले, पगार कधीचा बंद. फुसकं चाक ढकलत तो दुकानापाशी आला. शफीकनं ट्यूब काढली, काटा उपसला, ठिगळ मारलं. जगदेवला राहवेना. म्हणाला, "शफीकभाऊ, पंचांसमोर मी खोटं नाई बोललो."

शफीकनं पंप खाली ठेवला.

"खोटं बोलला असता तं भांडलो असतो, लेका," तो म्हणाला. "तू तं माहंच खरं माह्यावर उलटवलं. जाय, हवा भरली."