ओटीची पिशवी

राजापूरच्या एसटीत शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. मांडीवरची खण-नारळाची पिशवी ते सारखी सावरत होते. माझ्या हातातल्या इतिहासाच्या पुस्तकाबद्दल त्यांनी विचारलं. मी मास्तर, लगेच शिकवायला लागलो. प्राचीन ग्रीसमध्ये लोक खापरीवर नाव लिहून मत देत आणि एखाद्याला दहा वर्षं हद्दपार करत.

"मग?"

"मग तो परत यायचा. घर, जमीन त्याचीच."

"म्हणजे मुदत होती," ते म्हणाले. "आमच्या घराला गावानं हात वर करून वाळीत टाकलंन, तेव्हा माझे केस काळे होते. शिमग्याला देवीची पालखी दारावरून पुढे जाते."

"मग ही ओटी?"

"दरवर्षी नेतो. अंगणही सारवून ठेवतो. कधी थांबलीच, तर धावपळ नको."