एका ओळीची बासरी

"भाऊ, तुम्हाले त्रास तर नाही ना होऊन राहिला?"

बागेतले बासरीवाले काका शेजारच्या आजोबांना विचारत होते. रोज संध्याकाळी ते एक ओळ वाजवतात आणि उठून बाकाबाकापाशी जाऊन हेच विचारतात. परत येईपर्यंत सूर हरवतो, मग पुन्हा पहिल्यापासून.

"वाजव ना गा! काहून उठबस करून राहिला?" आजोबा वैतागले.

मला ती धून फार आवडायची, पण पुढे काय येतं ते कधी कळलंच नव्हतं. तेवढ्यात काका माझ्याकडे वळले. "बेटा, तुले त्रास?"

"होतो," मी पुटपुटले.

काका घाईघाईने बासरी पिशवीत ठेवू लागले. मग मात्र मला मोठ्याने बोलावंच लागलं.

"काका, दुसरी ओळ कधी येतच नाही, त्याचा त्रास होतो!"