टाळ्यांच्या मधोमध रे

हेलनचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होतो. "सकाळी रे गेला," एवढंच ती म्हणाली. मी गाडी तशीच घराकडे वळवली.

अमेरिकेतल्या डब्लिनमध्ये घर घेतलं तेव्हा हे जोडपं आमचं शेजारी झालं. रे पंचाहत्तरीचा, उंच, जरा वाकलेला. मी सवयीनं 'अहो-जाहो'च्या सुरात बोलायचो, तर म्हणाला, "नुसतं रे म्हण." हस्तांदोलनाला हात पुढे केला, तर बोटं वेडीवाकडी वळलेली. अमेरिकन फुटबॉलमध्ये अजून फारसा पैसा नव्हता, तेव्हाचा तो रिसीव्हर. जिवाच्या आकांतानं पळत मागून येणारा बॉल झेलायचा. झेलताना कुणीतरी अंगावर येऊन आदळणार हे ठाऊक असूनही नजर हलवायची नाही. डोक्याला चामड्याची टोपी, बस. "डोकं आपटलं की कोच विचारायचा, बोटं किती? मी दोन म्हणायचो. तो नेहमी दोनच दाखवायचा," असं सांगून तो खळखळून हसायचा.

पुढे तो विसरायला लागला. आधी रस्ते, मग आमची नावं, शेवटी हेलन. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "या बाईंना घरी सोड ना. त्यांचा नवरा वाट बघत असेल."

त्याच सुमारास जुन्या क्लबनं त्याचा सत्कार ठरवला. "सरळ कॅन्सल कर," माझी बायको अनघा हेलनला म्हणाली. "आयुष्यभर वाट पाहिलीय गं त्यानं," हेलन म्हणाली. सामन्याच्या मध्यंतरात एका बाजूनं तिनं, दुसऱ्या बाजूनं मी धरून त्याला मैदानात नेलं. नाव पुकारलं आणि अख्खं स्टेडियम उठून ओरडलं. रे मटकन खाली बसला, दोन्ही हातांनी डोकं झाकून. लोकांना वाटलं, म्हातारा भारावला. टाळ्या आणखी वाढल्या. "थांबवा हे!" हेलन ओरडत होती. माझ्याशिवाय कुणालाच ते ऐकू गेलं नाही.

तो गेल्यावर तिनं त्याचा मेंदू तपासणीसाठी दिला. अनघाला ते फार लागलं. हेलन शांतपणे म्हणाली, "तो मला विसरला, की त्या खेळानं विसरायला लावलं, एवढं मला कळायला हवं." उत्तर अजून आलेलं नाही.

अखेरच्या काळात कुणी अचानक खोलीत शिरलं की रे थरथर कापायचा. म्हणून हेलन दारातच थांबून आधी आवाज द्यायची. गेल्या रविवारी मी वरण-भात घेऊन गेलो. ती माझ्यापुढे चालत होती. त्याच्या रिकाम्या खोलीच्या दाराशी ती थांबली, हलकेच म्हणाली, "रे, मीच आहे. समोरून येतेय."

आणि क्षणभर थांबून मग आत गेली.