डालड्याच्या डब्यातल्या कुप्या
खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमधला देवाजी फिटर म्हणजे छातीचा माणूस, असं सगळी कॉलनी सांगायची. बॉयलरच्या शिडीवर साठ फूट चढून तो खाली उभ्या असलेल्यांची टिंगल करायचा. आणि हा बहाद्दर इंजेक्शनला भ्यायचा! लहानपणी गावात पटकीची साथ आली, तेव्हा लस टोचताना त्याच्या दंडात सुई वाकली होती. तेव्हापासून नुसता स्पिरिटचा वास आला तरी तो वाट बदलायचा. हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

लग्नाला सात वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा त्याच्या आईने, रुखमाबाईने, देव्हाऱ्यातले देव आपल्या हाताने कन्हान नदीत सोडले होते. आता नवस बोलायचा तरी कुणाला? अखेर चौऱ्याहत्तर साली देवाजी आणि प्रेमिला शहरात धंतोली भागातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तपासण्या झाल्यावर बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "दोष दोघांतही थोडाथोडा आहे. बारा आठवडे दोघांनी दर शनिवारी एकेक इंजेक्शन घ्यायचं. एकट्याने घेऊन काही उपयोग नाही." लोक औषध अर्ध्यावर सोडतात हा त्यांचा अनुभव होता, म्हणून रिकाम्या कुप्या आणून दाखवायच्या, अशी त्यांची अट होती.

प्रेमिलाही सुईला भ्यायची, पण ती ते लपवत नव्हती. कॉलनीच्या दवाखान्यात बळीराम कंपाउंडर भांड्यात सुया उकळू लागला की ती दारातूनच मागे फिरायची. पहिल्या शनिवारी देवाजीने तिचा हात धरला.

"डोळे मीट वं, अन् छोट्या रेल्वेलाइनीची टेसनं म्हण. इतवारी, कोराडी, खापरखेडा, पाटणसावंगी, सावनेर. सावनेर आलं का सुई बाहेर."

ही युक्ती त्याने स्वतःसाठीच काढलेली होती. त्याला ती कधी लागू पडली नाही, तिला मात्र पडली.

"मी माह्यं इंजेक्शन डुटीवरच घेत जाईन, तिथंही कंपाउंडर आहे," असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं. पहिल्या वेळी तो खरंच पॉवर हाऊसमधल्या दवाखान्याच्या दारापर्यंत गेला आणि घामाघूम होऊन परतला. मग राखेच्या ढिगाऱ्यामागे जाऊन त्याने कुपीची मान मोडली आणि औषध राखेत ओतलं. दंडावर कापूस चिकटवून तो घरी आला. प्रेमिलाने तिची आणि त्याची, दोन्ही कुप्या डालड्याच्या डब्यात ठेवल्या.

"तुम्ही हूं का चूं करत नाही," ती कौतुकाने म्हणाली. "तुमच्याकडे पाहूनच मी हिंमत करून राहिली."

 पुढच्या शनिवारी नक्की घेऊ, असं देवाजी दर आठवड्याला ठरवायचा आणि दर शनिवारी पुन्हा राखेच्या ढिगाऱ्यामागे जायचा. त्यात रुखमाबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात सुनेच्या अंगातली खोट काढायची. दोष माझ्यातही आहे, एवढं एक वाक्य त्याला बोलायचं होतं. तो ताटात मान घालून भात कालवत बसायचा. स्वतःची इतकी शरम त्याला कधी वाटली नव्हती.

बाराव्या शनिवारी प्रेमिलाने त्याची कुपीही आपल्या पिशवीत घातली. "शेवटचं आहे. दोघं संगच घेऊ. आधी तुम्ही, मंग मी."

 दवाखान्यात तो बाही वर करून बसला. बळीरामने दंडाला स्पिरिट लावताच देवाजीने त्याचं मनगट पकडलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"काहून जी, काय झालं?" प्रेमिला घाबरून पुढे आली.

"मी एकही नाही घेतलं," देवाजी म्हणाला. "सगळं राखेत ओतलं. मले भेव वाटते."

बळीराम उकळत्या भांड्यात पाहत राहिला.  प्रेमिलाने टेसनं म्हणत आपलं इंजेक्शन घेतलं आणि एकटीच घरी गेली.

डॉक्टरीणबाईंना तिनेच सगळं खरं सांगितलं. बाई देवाजीवर भयंकर चिडल्या. दोघांनीही पहिल्यापासून सुरुवात करायची, असं ठरलं.

परतताना बसमध्ये प्रेमिला खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तुमच्यापायी मले अजून बारा वेळा टोचून घ्या लागते. घेईन मी. पण आता माह्या हाताले हात लावू नोका."

घरी आल्याआल्या देवाजीने आईला दोष कुणाकुणात आहे ते सांगितलं. रुखमाबाईने सुनेची खोट काढणं सोडलं. तरी त्याला हलकं वाटलं नाही. ती बारा इंजेक्शनं प्रेमिलाच्या दंडातून परत काढता येणार नव्हती.

शनिवारी ती आधी आत गेली. बाहेर बाकावर बसून त्याने तिची टेसनं ऐकली. मग तो आत गेला. इतवारी झालं, कोराडी झालं, खापरखेड्याला सुई आत शिरली आणि पुढचं नाव त्याला आठवेना. त्या गाडीने तो जन्मभर फिरला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"पाटणसावंगी," पडद्याबाहेरून प्रेमिलाचा चिडका आवाज आला.

"पाटणसावंगी," देवाजी म्हणाला. "सावनेर."

बळीरामने सुई काढली. देवाजीने बाहेर येऊन रिकामी कुपी तिच्यापुढे धरली. प्रेमिलाने आधी त्याच्यामागून बाहेर आलेल्या बळीरामकडे पाहिलं. त्याने मान हलवली, तेव्हाच तिने ती सोबत आणलेल्या डालड्याच्या डब्यात टाकली.