घरच्या पीसीतली डिस्क

मी सातवी शिकलेला. रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर, असं करत नाशिकरोडला दुकान चालवलं. शाळांचे, सोसायट्यांचे, दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांचे जुने पीसी अजून माझ्याकडे येतात. उघडला की आधी बोर्डावरचे बारक्या नळकांड्यांसारखे कपॅसिटर बघायचे. डोकं सपाट असलं तर ठीक, फुगलं असलं तर तो गेला. काढायचा, नवा बसवायचा.

घरचा पीसी मात्र लोकांनी टाकलेल्या सामानातून जोडलेला. त्याचा सप्लाय, म्हणजे वीज पुरवणारा डबा, भंगारातला. पंखा घरघरायचा. शेजारी शिलाई मशीनवर बसलेली बायको म्हणायची, "लोकांचे डबे बदलता, घरचा कधी?" मी म्हणायचो, उद्या. चार वर्षं उद्याच म्हणत होतो.

ती विहारात बायकांबरोबर गाणी म्हणायची. आवाज खणखणीत. लेकीने माईक लावून तिची गाणी त्याच पीसीत भरली. कॉपी काढायची राहिली. मीच म्हटलं, कुठे पळून जातंय?

ती गेली. पंधरा दिवसांनी गाणं ऐकावं म्हणून पीसी चालू केला. आत फट्ट झालं, जळका वास आला, पडदा काळा. सप्लाय मेला होता. असा डबा मरताना कधी कधी जास्त व्होल्ट सोडतो आणि डिस्कपण घेऊन जातो. तसं झालं का, हे कळायला दहा मिनिटं पुरे. डिस्क काढायची, दुकानातल्या चांगल्या पीसीला जोडायची.

मी दहा महिने जोडली नाही. टरकली होती, दुसरं काय. जोडत नाही तोवर गाणं आत आहे, असं धरून चाललो होतो. पीसीवर तिची चादर टाकली आणि तिकडे पाठ करून जेवायला बसायचो. पूर्वी एका मास्तरीणबाईंची डिस्क जळून आली होती, त्यांच्या वारलेल्या भावाचे फोटो होते त्यात. मी म्हणालो होतो, "गेले ते, विसरा. कॉपी ठेवायची असते, बाई." त्या बराच वेळ स्टुलावर बसून राहिल्या. मला वाटलं, उठत का नाहीत?

स्मृतिदिन जवळ आला तशी लेक तो पीसी चादरीसकट उचलून दुकानात घेऊन आली.

"आबा, विहारातल्या बायका म्हणतात आईचंच गाणं लावू. डिस्क जोडा."

"बघू."

"दहा महिने बघताय. घाबरता काय?"

"अगं, हजार डिस्का जोडल्यात मी."

"मग ही एक जोडा. नाहीतर मी जोडते."

"हात लावू नको तिला!"

एवढ्या जोरात ओरडलो की समोरचा चहावाला डोकावला. लेकीने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

मी दुकानातल्या पीसीचा सप्लाय मीटरने तीनदा मोजला. आधी एक भंगार डिस्क लावून बघितली, जळायची तर ती जळू दे. मग हिच्या गाण्यांची डिस्क काढून लावली. बटण दाबायला बोट उचलेना. लेकीने माझं मनगट धरलं. दाबलं.

काहीच आवाज नाही. मग डिस्क फिरायला लागली.

गाणं लावलं तर आधी नुसती घरघर. मग तिचा आवाज: "अगं, यांच्या डब्याची घरघर भरतेय त्यात. बंद कर तो."

"आई, तो बंद केला तर गाणं भरू कशात?"

दोघी हसल्या, आणि ती गायला लागली. लेक रडत होती. मी रडलो नाही. मला कॉपीची घाई. तीन कॉप्या होईस्तोवर सप्लायवर तळहात ठेवून उभा होतो, तापतोय का बघत.

स्मृतिदिनाला विहारात ते गाणं लावलं. माझी नजर स्पीकरवर. प्रत्येक कडव्याला वाटायचं, आता फट्ट होईल. शेजारची म्हातारी कानाशी आली, "भाऊ, स्पीकर बिघडलाय काय? मागं घरघर येतीय."

"स्पीकर चांगला आहे," मी म्हणालो. "सप्लाय आहे तो. बदलायचा राहिला माझ्याकडून."