ओल्या काजूचं तेल

माझं माहेर घाटावर, कोल्हापूरच्या बाजूला. लग्न होऊन धामापूरजवळच्या गावात आले तेव्हा काजू म्हणजे डब्यातला सोललेला पांढरा गर, एवढंच मला ठाऊक होतं. मुलगी चार वर्षांची होईपर्यंत आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्यातच राहिलो. मग आम्ही गावी परतलो आणि त्या फाल्गुनात मी पहिल्यांदा ओले काजूगर काढायला बसले.

सासूबाईंनी आधी नकोच म्हटलं होतं. हिरव्या काजूच्या सालीत चिकट तेल असतं, त्याला इथे डीक म्हणतात. तो लागला की कातडी जळते, म्हणून हाताला राख चोळून बसायचं. मीच हट्ट केला. घरात सगळे राबत असताना आपण खुर्चीत बसून राहायचं, हे बरं दिसेना. दुपारभर बसले, वीस-पंचवीस काजू चिरले. बोटांची टोकं काळी झाली, बाकी काही नाही. सासूबाई म्हणाल्या, सून कामाची निघाली. मला आनंद झाला.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनगटं खाजायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी जाग आली आणि डोळे उघडेनात. आधी वाटलं, चिपडं धरली असतील. बोटांनी चाचपलं तर पापण्यांच्या जागी दोन मऊ, गरम फुगे. गाल, कान, गळा, सगळं ताठ झालेलं. मी नवऱ्याला हाक मारली. त्याची पावलं खोलीत आली आणि थांबली. त्या थांबण्यानेच मी सगळ्यात जास्त घाबरले.

मुलगी त्याच्या मागून आली असावी. तिने आजीला विचारलेलं मी ऐकलं, "ही कोण आसा? आई खंय गेली?" मी हात पुढे केला तर ती रडत बाहेर पळाली.

मला दोनच गोष्टी सुचत होत्या. डोळे कायमचे गेले असतील का, आणि ही सूज गळ्यात उतरली तर श्वासाचं काय. नवरा गाडी आणायला गेला. तेवढ्यात शेजारच्या काकी आल्या आणि म्हणाल्या, सुजेवर बिब्बा चांगला, गरम करून त्याचं तेल लावूया. सासूबाई बिब्बा शोधायला उठल्याही.

बिब्बा मला माहीत होता. आठ-नऊ वर्षांची असताना पायाला कुरूप झालं होतं. गल्लीतल्या एका बाईने बिब्ब्यात सुई टोचून तो दिव्यावर धरला आणि त्याचं तेल तळव्यावर टाकलं. पुढे कितीतरी दिवस पाय फोडांनी भरला होता. तेवढी एक आठवण होती, बाकी कारण मला सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "आई, बिब्बा नको. मला हात लावू देऊ नका कुणाला." आवाज इतका चिरका निघाला की काकी निघून गेल्या.

कुडाळच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न केला, काजू सोलले का. माझ्या पापण्या बोटांनी उघडून बॅटरी धरली. प्रकाश दिसला तेव्हा मी रडले. त्या म्हणाल्या, डोळे शाबूत आहेत, ही सूज सहसा श्वासावर जात नाही, तरी दम लागला तर लगेच या. गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी डावा डोळा अर्धा उघडला.

माझी नणंद पुण्यात एका प्रयोगशाळेत शरीराच्या प्रतिकारशक्तीवर काम करते. फोनवर तिने सावकाश समजावलं. कातडीत पहारेकरी पेशी असतात. बाहेरून काही आत आलं की त्याचा तुकडा त्या आपल्या अंगावर धरून दुसऱ्या, लढणाऱ्या पेशींना दाखवतात. बहुतेक वेळा हे तुकडे प्रथिनांचे असतात. तेलाला मात्र त्या पकडीत बसता येत नाही. त्यासाठी या पेशींकडे वेगळा रेणू आहे, सीडी-वन-ए नावाचा. त्याच्या आत तेलकट खोबण असते, तेलाची लांब शेपटी तिच्यात रुतते. लढणाऱ्या पेशी ते ओळखतात आणि दीड-दोन दिवसांत जमून येतात. काजूच्या एका परदेशी भाऊबंदाच्या तेलाबाबत हे दिसलंय, काजूचं नेमकं तसंच असेल हा अंदाज, असंही तिने प्रामाणिकपणे सांगितलं.

"पण मी तर पहिल्यांदाच हात लावला होता," मी म्हटलं. "ओळखलं कसं?"

तिने विचारलं, कधी बिब्बा लावला होता का. मी तिला लहानपणच्या कुरुपाची गोष्ट सांगितली. काजू, आंबा, बिब्बा, सगळे एकाच कुळातले, ती म्हणाली. ओळख तेव्हाच झाली असणार.

तीस वर्षं माझ्या अंगात कुणीतरी ते तेल लक्षात ठेवून बसलं होतं आणि मला पत्ताही नव्हता. शिवाय त्या सकाळी काकींचं ऐकलं असतं तर? त्या विचाराने मी पुढे कितीतरी दिवस जेवताना मधेच थांबत असे. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. "चाळीस वर्सां मिया ह्याच करतंय, माका कधी काय झाला नाय. म्हणान तुका बसूक दिलंय. माझा चुकला गो." त्यांची काळवंडलेली बोटं मांडीवर होती. मला धरायला त्या धजत नव्हत्या. मीच जवळ सरकले, पण बोटांपासून जरा लांबच, हेही खरं.

सूज पूर्ण उतरायला तीन आठवडे लागले. मुलगी आठवड्याभराने माझ्याजवळ झोपायला आली, आधी माझ्या पापण्यांना हात लावून बघून.

आता काजूचा मोसम आला की मी खिडक्या लावून घेते. कुणी काजू भाजले की धुरातूनही तेल येतं. सासूबाई मागच्या पडवीत बसतात, आंघोळ करूनच घरात येतात. मुलगी आता सात वर्षांची आहे. यंदा तिने न विचारता आजीच्या टोपलीतला हिरवा काजू दातांनी फोडला. आजीने ओरडत तिचं तोंड धुतलं, खोबरेल लावलं. ओठाच्या कडेला बारीक भाजल्याचा डाग उठला, तेवढाच. तीन दिवस मी रोज सकाळी ती उठायच्या आधी तिच्या पापण्या बघत होते. काही झालं नाही.

नणंदेला विचारलं, आता भीती गेली ना. ती म्हणाली, "वहिनी, काही झालं नाही म्हणजे ओळख झाली नाही, असं नसतं." आधी तपासून बघता येईल का विचारलं, तर त्या तपासणीनेही कधीकधी ओळख होते म्हणे.

मुलीला आजीजवळ बसायचं नाही असं सांगून पाहिलं, ती ऐकत नाही. मग प्लास्टिकचे हातमोजे आणायला कुडाळला गेले. तिच्या मापाचे मिळाले नाहीत. मोठेच घेतले आणि मनगटावर रबर लावून दिले.